वायरींना नावे ठेवताना

आपल्या कार्यालयात कपाटामागे तीस-चाळीस निळ्या-करड्या केबल एकमेकींत गुंतून पडल्या असतील आणि त्यांतली कोणती कुठे जाते हे फक्त आपल्यालाच ठाऊक असेल, तर आपण भाग्यवान आहात. रजा टाकली तरी दिवसातून तीनदा फोन येण्याचा मान सगळ्यांनाच मिळत नाही. तो टिकवायचा असेल तर लेबलांची निवड विचारपूर्वक करावी. लेबल न लावणे सोपे आहे, पण त्यात कामचुकारपणाचा ठपका बसतो. म्हणून लेबले लावावीत, चारचौघांसमक्ष लावावीत, आणि ती येत्या पावसाळ्यापलीकडे जाणार नाहीत एवढे पाहावे.

त्यासाठी पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत, म्हणजे विजेच्या सामानाच्या बाजारात, जाऊ नये. तिथला दुकानदार केबलची जाडी विचारील, आणि मग आपल्यालाही विचार करावा लागेल. त्यापेक्षा मुलांच्या वह्यांवर लावून उरलेली स्टिकरे, निळे बॉलपेन आणि सेलोटेप एवढे साहित्य पुरेसे आहे. कॅट-६ ही कॉम्प्युटर नेटवर्कची नेहमीची केबल साधारण ६ मिलिमीटर जाडीची, म्हणजे तिचा घेर जेमतेम १९ मिलिमीटर. एवढ्या लहान गोलाईवर गुंडाळलेला ताठ कागद सतत सरळ होऊ पाहतो आणि काही दिवसांत त्याची कड सुटतेच. सेलोटेप पिवळी पडते. शिवाय केबलचे पीव्हीसी वेष्टन लवचीक राहावे म्हणून त्यात जे द्रव्य घातलेले असते, ते हळूहळू बाहेर येऊन गोंदाचा चिकटा करून टाकते. परिणामी वर्षभराने लेबल केबलला सोडून तपासणाऱ्याच्या बोटांना चिकटते.

साहेबांना आधुनिक काही हवे असेल तर दुकानाच्या पावतीसारखा, शाईशिवाय उष्णतेने छापणारा कागद सुचवावा. खर्च वाचतो, अक्षर सुबक येते, आणि उजेडाने, तेलकट हातांनी किंवा वर सांगितलेल्या त्याच द्रव्याने ते बिनबोभाट पुसट होते.

अर्धवट पुसलेले लेबल कोऱ्या लेबलापेक्षा किती गुणकारी असते, हे मी आमच्या संस्थेच्या कार्यालयात पाहिले आहे. स्विचच्या, म्हणजे नेटवर्कच्या सगळ्या केबल जिथे येऊन मिळतात त्या डब्याच्या, अकराव्या पोर्टमधल्या (खाचेतल्या) केबलवर तपकिरी झालेल्या टेपखाली ‘प्रिं’ एवढेच उरले होते. पुढचे अक्षर होते की नव्हते, यावर लेखनिक आणि शिपाई यांच्यात मतभेद झाला. प्रिंटर बिघडलेलाच आहे, तेव्हा काढायला हरकत नाही, असे बहुमत पडल्यावर मी ती केबल ओढली. दुसऱ्या मजल्यावर प्रिन्सिपॉलसाहेब त्या वेळी विद्यापीठाच्या ऑनलाइन बैठकीत बोलत होते. ते नंतर खाली येऊनही बोलले.

काही वस्तूंपासून मात्र सावध असावे. एक प्रकारच्या व्हिनाइल लेबलाला पांढऱ्या भागापुढे पारदर्शक शेपटी असते. छापलेला भाग आधी केबलवर बसतो आणि शेपटी त्यावरून वेढा घेऊन अक्षरे झाकते. त्यावर रिबनच्या प्रिंटरने छापले तर ना घाम पोहोचतो, ना फडके. असे लेबल आपल्या निवृत्तीनंतरही वाचता येते, याहून मोठी नाचक्की कोणती? भोसरीच्या कारखान्यांत विजेच्या पॅनेलचे वायरमन प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना नंबर छापलेली फेरूल, म्हणजे छोटी नळी, घालतात, त्यांच्याही संगतीत फार बसू नये. गरम केल्यावर आवळणारी श्रिंक ट्यूब कोणी आणलीच, तर तिची आठवण केबलच्या टोकाचा आरजे-४५ कनेक्टर (प्लग) क्रिम्प झाल्यानंतर, म्हणजे दाबून पक्का बसवल्यानंतर, करून द्यावी, कारण मग ती अरुंद नळी त्यावरून जात नाही.

मजकुराचाही प्रश्न आहे. खोली, रॅक आणि पोर्टचे क्रमांक लिहिणे रुक्ष वाटते. ‘नवीन’ हा शब्द चांगला, तो कधीच जुना होत नाही. ‘जोशी सरांची’ हेही उत्तम, विशेषतः सरांची बदली झाल्यावर. पण आपल्या शहराच्या कीर्तीला शोभेल असा मजकूर मी सदाशिव पेठेतल्या एका जिन्याखाली वाचला: ‘ही वायर काढू नये. काढल्यास काढणाऱ्याने स्वखर्चाने लावून द्यावी.’ ती कसली वायर आहे, हे सांगण्याची गरज लिहिणाऱ्याला वाटली नव्हती. लेबल मात्र लॅमिनेट केलेले होते.

टीआयए-६०६ नावाचे एक अमेरिकी मानक आहे. केबलच्या दोन्ही टोकांना लेबल हवे आणि ते यंत्रावर छापलेले हवे, असा त्याचा आग्रह. आपण एका टोकावर थांबावे. म्हणजे दुसरे टोक शोधताना एकाने खाली केबल ओढायची, दुसऱ्याने वरच्या मजल्यावर छतात डोके घालून पाहायचे, आणि जिन्यातून विचारायचे, ‘हलली का?’

‘हलली! सगळ्याच हलल्या!’