टळलेले सासरे

गेले काही दिवस भाषाप्रेमींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून एक संदेश फिरतोय. मला तो तिघांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी ‘तुला पटेल’ म्हणून. मजकूर थोडक्यात असा: इंग्रजीतल्या ‘अव्हॉइड लाइक द प्लेग’ला मराठीत जोडच नाही, आपलं सगळं ‘टाळणे’ या एका क्रियापदावर भागतं. हा वाक्प्रचार 1665 च्या लंडनमधल्या प्लेगातून आला. फ्रेंच, जर्मन वगैरेंनी तो जसाच्या तसा उचलला. प्लेग तर आपणही भोगलाय, मग ‘प्लेगसारखे टाळणे’ रूढ करायला काय हरकत आहे?

मालिकांची सबटायटल्स करून माझं पोट चालतं. हरकत आहे.

1665 चं आधी उरकून टाकू. संत जेरोमनं नेपोशियन नावाच्या तरुण पाद्र्याला इ.स. 394 च्या सुमारास एक लॅटिन पत्र लिहिलं. धंदा करून गब्बर झालेल्या धर्मोपदेशकापासून ‘जणू पेस्टिसपासून पळावं’ तसा पळ, असं त्यात आहे. म्हणजे ही उपमा लंडनच्या त्या साथीपेक्षा साडेबाराशे वर्षांहून जुनी. शिवाय ‘पेस्टिस’ म्हणजे गाठीचाच प्लेग असंही नाही. कुठलीही मरी, कुठलाही सत्यानाश त्या शब्दात बसायचा.

त्यामुळे फ्रेंच आणि जर्मनांनी ती इंग्रजीतून ‘उचलली’ म्हणायचंही कारण उरत नाही. ती लॅटिनच्या सामायिक वाड्यातली वस्तू, सगळ्या भाऊबंदांकडे सापडते. आणि तीच एक सापडते असंही नाही. जर्मन माणूस ‘सैतान पवित्र पाण्याला बिचकतो तसा’ असंही म्हणतो, पोर्तुगीज ‘क्रुसापासून सैतान पळावा तसा’ म्हणतो, रशियनांचा सैतान धुपापासून पळतो. ज्याला जे भितीदायक, त्याचं चित्र त्यानं काढलं. आपण मात्र दुसऱ्याच्या भिंतीवरचं उतरवून घ्यायचं, हा कुठला न्याय?

आता मुख्य दावा: मराठीत जोड नाही. हे लिहिणाऱ्याला कोणी आजी नसावी. माझी आजी शेजारच्या एका बाईंबद्दल म्हणायची, ‘तिच्या वाऱ्यालाही उभी राहू नकोस.’ स्पर्श लांबच, तिच्या अंगावरून आलेली झुळूकसुद्धा नको. साथीच्या रोगाचं चित्र हवं होतं ना? हे घ्या, आणि रोगाचं नावही न घेता. गोड बंद केलेले आजोबा ‘साखरेच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही’ म्हणायचे (आणि रात्री डबा उघडल्याचा आवाज यायचा, ते वेगळं).

जोड नाही अशी अडचण मला कधी आली नाही. जोड फार आहेत, ही खरी अडचण. इंग्रजी माणूस सासऱ्यांना, तळलेल्या भज्यांना, व्यायामाला आणि इन्कमटॅक्सच्या कागदांना एकाच प्लेगनं टाळतो. मराठी आधी विचारते, का टाळतोयस? उधारी असेल तर तोंड चुकवतो. आळस असेल तर अंग चोरतो. भांडकुदळ माणूस असेल तर चार हात लांब राहतो. एकदा हात पोळले असतील तर पुन्हा वाटेला जात नाही.

आणि जिथं उघड नाही म्हणता येत नाही तिथं कोपरापासून नमस्कार. ‘तुमच्या त्या सोसायटीच्या कमिटीला माझा कोपरापासून नमस्कार!’ हात जोडलेत, मान किंचित लवलीय आणि पाय दाराकडे. आदराची खूण मोठी करत नेली की तिचा नकार होतो. याची भावंडं मला युरोपात नव्हे, पूर्वेला भेटली. कन्फ्यूशियसच्या वचनांत भुताखेतांचा आणि देवतांचा आदर ठेवा पण त्यांच्यापासून दूर राहा, असं आहे. त्यातूनच जपानीतला ‘केइएन’ हा शब्द आला: आदर आणि दूर, अशी दोन अक्षरं. जपानी बेसबॉलमध्ये समोर धोकादायक फलंदाज आला की गोलंदाज त्याला मुद्दाम खेळू न देता फुकट पहिला तळ देऊन टाकतो. त्यालाही ‘केइएन’च म्हणतात. भर मैदानात कोपरापासून नमस्कार.

एक जोड मात्र मी जपून वापरते. ‘त्याची सावलीसुद्धा नको.’ पेशवाईत सवर्ण हिंदू समोरून येत असेल तर सावलीचा विटाळ होईल म्हणून अस्पृश्याला रस्ता वापरायची मनाई होती, हे डॉ. आंबेडकरांनी 1936 साली लिहून ठेवलंय. वाक्प्रचार त्यातूनच आला असं मी म्हणत नाही, पण वाचणाऱ्याला ते आठवू शकतं. हलक्याफुलक्या विनोदी मालिकेत ती सावली मला नको असते.

राहिला ‘प्लेग आपणही भोगला’ हा मुद्दा. भोगला, म्हणूनच तो शब्द आपल्याकडे रिकामा नाही. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवीत मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी रोग ओळखला. पुढच्या वर्षी पुण्यात रँडचे सोजीर घरं तपासत फिरले आणि लोकांनी आजारी माणसं लपवली. म्हणजे टाळलं ते तपासणीला आणि रोग्यांच्या छावणीला. 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर काय झालं ते शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. आणि त्याच वर्षी, 10 मार्चला, सावित्रीबाई फुले गेल्या. प्लेगाचं पोर उचलून त्यांनी हडपसरला मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात नेलं आणि लागण झाली. मराठी वाचकाला प्लेग म्हटल्यावर जी माणसं आठवतात, त्यांत सर्वांत मोठी बाई प्लेगाकडे चालत गेलेली आहे. ‘प्लेगसारखे टाळा’ म्हणताना हे सगळं मागे उभं असतं.

बाहेरून काही घ्यायचंच नाही, असा माझा हट्ट नाही. नक्राश्रू इंग्रजीतून आले आणि घरचे झाले. पांढरा हत्ती तर सरकारी प्रकल्पांच्या बातम्यांत सुखानं नांदतो. त्यांचं व्याकरण कुठे अडत नाही. प्लेगाचं अडतं, ते ‘टाळणे’पाशीच. संकट टाळणं म्हणजे ते येऊ न देणं. अपघात टळतो, युद्ध टळतं. बळीप्रतिपदेला आपण ‘इडा पीडा टळो’ म्हणतो ते पीडेनं यावंच नाही म्हणून. ती चहाला आली तर आपण मागच्या दारानं निघून जाऊ, असा त्याचा अर्थ नाही. ‘प्लेगसारखे टाळले’ वाचताना मराठी कान आधी ‘येऊ दिलं नाही’ असं ऐकतो.

मागे एका मालिकेचा यंत्रानं केलेला कच्चा मसुदा माझ्याकडे आला होता. त्यात वाक्य होतं: ‘त्याने त्याच्या सासऱ्यांना प्लेगप्रमाणे टाळले.’ मी दोनदा वाचलं. सासरे येणार होते, यानं काहीतरी उपाय केला आणि सासरे टळले, असंच वाटत राहिलं. पडद्यावर तर जावई हातात भाजीची पिशवी घेऊन झाडामागे उभा होता.

मी लिहिलं: ‘सासरे दिसले की हा गल्ली बदलायचा.’

तपासनिसाचा शेरा आला, मुळातला प्लेग राहून गेलाय का? मी उत्तरात ‘हो’ एवढंच टाइप केलं.