राखेवर माझा राग नाही, दादा

दादा, तुमची कमेंट परवा रात्री वाचली. तेव्हाच उत्तर टाइप केलं असतं तर भांडणच झालं असतं, म्हणून दोन दिवस गेले. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते: मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की माइट (कोंबड्यांना होणारे अगदी बारीक किडे) झाले तर कोंबड्यांवर औषध मारत बसू नका, खुराडं धरा, कारण दिवसा ते कोंबडीच्या अंगावर नसतातच. दादा म्हणतात हे साफ खोटं, त्यांनी भर दुपारी पिसांत वळवळताना बघितलेत. शिवाय आठ दिवसांनी खुराडं परत फवारा असं मी सांगितलं, ते म्हणजे औषधवाल्यांचा धंदा, त्यांची आजी राख टाकायची आणि भागायचं, आणि त्यांनी तर खुराडं महिनाभर रिकामं ठेवलं तरी पुन्हा झाले. आणि शेवटी "हौशी लोकांनी शेतकऱ्याला शिकवू नये."

शेवटचं सोडा, २५ कोंबड्यांवर मी हौशीच म्हणायची. पण पहिल्या मुद्द्यात तुमचं बरोबर आहे आणि माझं चुकलं. माझ्याकडे झाला तो लाल माइट, तो दिवसा लाकडाच्या फटीत आणि रात्री कोंबडीवर, आणि मी लिहिताना जगात तेवढा एकच माइट असल्यासारखं लिहून बसले. दुसरा एक असतो तो कोंबडीवरच संसार करतो, शेपटीखाली, गुदाभोवती, तिथली पिसं मळकट काळी दिसायला लागतात आणि कोंबडी दोन मिनिटं हातात धरली की आपल्या मनगटावर चालायला लागतो. तुम्ही बघितलात तो हाच असणार. त्याला खुराडं कितीही धुवा, कोंबडीवरच उपाय करावा लागतो. पोस्ट दुरुस्त करते आज.

आपल्याकडे सगळ्यालाच पिसवा नाहीतर उवा म्हणून मोकळे होतो ना, तिथेच घोळ होतो. ऊ वेगळी, ती पिवळट, चपटी, पिसं फुंकून बाजूला केली की पटकन पळते आणि पिसाच्या बुडाशी तिच्या लिखांचे पांढरे गठ्ठे चिकटलेले असतात. पायाचे खवले वर उचलून चुन्यासारखे जाड झालेत तर तो आणखी तिसराच माइट, पायाच्या कातडीत शिरणारा. आणि दिवसा अंगावर काहीच सापडत नाही पण संध्याकाळी कोंबड्या आत जायला बघत नाहीत, फणसावर चढून बसतात, तुरा फिका पडलाय, तर तो लाल.

मला तो कसा कळला ते सांगते. वैशाखात एक खुडूक ११ अंड्यांवर बसवली होती. चौदाव्या दिवशी ती उठली आणि परत बसेना. सासूबाई म्हणाल्या साप येऊन गेला असेल. रात्री बॅटरी घेऊन गेले, नवऱ्याचा पांढरा रुमाल बसायच्या दांडीच्या खालच्या अंगाने नुसता फिरवला, उजेडात धरला तर रुमालावर रक्ताच्या रेघा. दांडी जिथे खाचेत बसते तिथे राखाडी भुसा साचल्यासारखं दिसत होतं, बोट लावलं तर भुसा चालायला लागला. उपाशी असताना तो राखाडी, पिऊन आला की लाल. ती बिचारी रात्रभर जागची हलत नव्हती, म्हणजे त्यांना पंगतच. रुमाल अर्थातच माझ्या नावावर जमा झाला.

आता राख. अहो आमच्या सासूबाई पण टाकतात, मी काही बोलत नाही, कारण कोरड्या मातीत राख मिसळून खड्डा करून दिला की कोंबड्या त्यात लोळतात आणि अंगावरच्या उवा-माइटना त्याचा थोडाफार त्रास होतोच. पण राख दांडीच्या खाचेत शिरून काय करणार? आणि आमच्या कोकणात जून लागला की राखेचा चिखल होतो.

परत फवारण्याबद्दल: औषधाने चालते-फिरते मरतात, अंडी राहतात. गरमीत ती दोन-तीन दिवसांत फुटतात आणि आठवड्याभरात पिल्लाची आई होते. म्हणून पुढची पिढी अंडी घालायच्या आत दुसरा हात मारायचा. मी आठ दिवस लिहिलं होतं, उन्हाळ्यात सहाव्या दिवशीच करा. आणि रिकाम्या खुराड्याचं म्हणाल तर लाल माइट कित्येक महिने उपाशी राहू शकतो हो, महिना म्हणजे त्याला एकादशी. म्हणजे तुमच्याकडे दोन्ही जाती असायची पण शक्यता आहे.

मी स्वतः औषध कमीच वापरलं. दांड्या काढून उकळतं पाणी ओतलं, दोन कडक उन्हं दाखवली, फटी चुन्याने भरल्या, जुना पेंढा जाळला. मग दांडी भिंतीत न घालता चार पायांच्या घोडीवर ठेवली आणि पाय जुन्या तेलाच्या वाट्यांत, पूर्वी मुंग्या लागू नयेत म्हणून फडताळाचे पाय पाण्यात ठेवायचे तसं. घोडी भिंतीला कुठेही टेकता कामा नये, नाहीतर सगळं फुकट. पुठ्ठ्याच्या खोक्याचे नळीदार तुकडे दांडीखाली बांधते, ते त्यात लपायला येतात, दर दोन-तीन दिवसांनी चुलीत. तुकडे मोकळे निघायला लागले की समजायचं.

तुमच्या कमेंटखाली एकाने भाजीवरची कार्बारिलची जुनी पावडर कोंबड्यांना चोळा लिहिलंय, ते कृपा करून नको. २०१८ मध्ये केंद्राने बंद केलेल्या कीटकनाशकांत ते आहे. २०१७ मध्ये नेदरलँड्स-बेल्जियममध्ये असंच झालं, माइटसाठी कोंबड्यांच्या शेडमध्ये फिप्रोनिल नावाचं दुसरं कीटकनाशक वापरलं, ते अंड्यांत उतरलं आणि लाखो अंडी बाजारातून परत घ्यावी लागली. आपली अंडी तर घरची पोरं खातात. औषध घेताना पशुवैद्यकाला दोनच गोष्टी विचारा, हे अंड्यावरच्या कोंबडीला चालतं का आणि किती दिवस अंडी खायची नाहीत.

आणि दादा, आज दुपारी एक कोंबडी उलटी धरून शेपटीखाली बघा, रात्री दांडीखालून पांढरा कपडा फिरवा. काय सापडलं ते इथेच लिहा, फोटो असला तर उत्तम. कपडा मात्र वहिनींना विचारून घ्या.