आठवण घडवू द्या, सांगायला लावू नका

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना शिल्पाच्या तासाला ‘आठवण’ हा विषय दिला की पुढे काय होतं, हे बहुतेक कलाशिक्षकांना पाठ आहे. अर्धा वर्ग बदामाच्या आकाराचं हृदय करतो. त्यातल्या काहींना तडा गेलेला असतो. उरलेल्यांत मेणबत्त्या, एखादा डोळा, त्यातून गळणारा मातीचा अश्रू. मग शिक्षक विचारतात, “यामागची गोष्ट सांग बरं.” मूल आजोबांबद्दल सांगतं, वर्ग गप्प होतो, शिक्षकांचे डोळे भरून येतात आणि हृदयाला चांगले गुण पडतात. मातीकडे कुणी नीट पाहिलेलंच नसतं.

मी स्वतः हा विषय शिकवते आणि मुद्दाम शिकवते. या वयाच्या मुलांसाठी शिल्पकलेत याहून चांगला विषय मला माहीत नाही. पण माझ्या वर्गात एक नियम आहे: गोष्ट मागायची नाही. मुलाला सांगावीशी वाटली तर त्याने जरूर सांगावी. मी मागणार नाही आणि गुण तर तिला कधीच देणार नाही.

एक कारण उघड आहे. वर्गात कुणाचं तरी घर नुकतंच मोडलेलं असतं, कुणाच्या घरी कुणीतरी गेलेलं असतं. चाळीस जणांसमोर ते उलगडून दाखव, असं सांगायचा अधिकार मला कुणी दिलेला नाही. शिवाय मुलं हुशार असतात. कुठल्या दुःखाला किती गुण मिळतात, हे त्यांना लगेच कळतं. मग दुःखं तयार केली जातात. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि त्यावर फारसं कुणी बोलत नाही: गोष्ट शिल्पाला खाऊन टाकते. शब्दांनी सगळं सांगून झालं की मातीला काही करायला उरत नाही, ती नुसती पुराव्यादाखल टेबलावर पडून राहते.

मग मागायचं काय? हाताची आठवण. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये लकॉक द बुआबोद्राँ नावाचे शिक्षक विद्यार्थ्यांना संग्रहालयात चित्रं बघायला पाठवायचे, आणि परत आल्यावर ती आठवून काढायला लावायचे. आठवणही सरावाने तयार होते, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याकडे 1854 साली एक तेरा-चौदा वर्षांचा मुलगा शिकायला आला, तो म्हणजे पुढे जगप्रसिद्ध शिल्पकार झालेला ओग्युस्त रोदँ. म्हणजे आमच्याच विद्यार्थ्यांच्या वयाचा.

माझा आवडता पाठ असा: रोज हातात असायची पण आता तुमच्याकडे नाही, अशी एक वस्तू निवडा. ती मातीत घडवा, खऱ्या मापाची. फोनमधला फोटो बघायचा नाही. सुरुवातीला डोळे मिटून बसायचं आणि मी प्रश्न विचारते. कडा बोचायची का? उचलल्यावर वजन कुठल्या बाजूला जायचं? अंगठा कुठे टेकायचा? इथे दरवेळी एक गंमत दिसते. तोंडाने “आठवत नाही” म्हणणाऱ्या मुलाची बोटं हवेत बरोबर त्या मापाने वळलेली असतात. ते माप डोक्यात सापडलं नसलं तरी हातात असतं. तिथून काम सुरू होतं.

घडवताना मुलं अडतात ती न आठवणाऱ्या बाजूपाशी. मागची बाजू कशी होती? झाकण होतं का? बहुतेकांना तिथे काहीतरी अंदाजाने भरून टाकायचं असतं. मी म्हणते, भरू नका. जे आठवतं ते बारकाईने करा आणि जे आठवत नाही ते कसं दाखवायचं ते ठरवा. सपाट सोडाल? बोथट कराल? की तिथे भोकच ठेवाल? माणसं आठवताना रिकाम्या जागा आपल्या समजुतीप्रमाणे भरून काढतात, हे फ्रेडरिक बार्टलेट या मानसशास्त्रज्ञाने 1932 मध्येच मांडलं होतं. शिल्पात ती भरणी थांबवता येते. न आठवणं हाही एक पृष्ठभाग होतो. आणि “मला हुबेहूब जमत नाही” म्हणून या वयात हात आखडणारी मुलं इथे मोकळी होतात, कारण ताडून बघायला मूळ वस्तू समोर नसतेच.

पुढचा टप्पा पोकळीचा. ब्रिटिश शिल्पकार रेचल व्हाइटरीड यांनी 1993 मध्ये पूर्व लंडनमधल्या एका घरात आतून काँक्रीट फवारून बाहेरच्या भिंती काढून टाकल्या. उरला तो घरातल्या रिकाम्या जागेचा घनाकार. जिथे माणसं वावरली ती हवाच घट्ट झालेली. त्यांना त्याच वर्षी ब्रिटनमधलं मानाचं टर्नर कला-पारितोषिक मिळालं आणि जानेवारी 1994 मध्ये स्थानिक प्रशासनाने ते शिल्प पाडलं. (आठवणीवरच्या शिल्पाची आता फक्त आठवण उरली आहे, हे मुलांना फार भावतं.) आम्ही हे पुठ्ठ्याच्या छोट्या खोक्यात करतो. आत काहीतरी ठेवलं जायचं असं खोकं आणायचं, सांधे चिकटपट्टीने बंद करायचे, आतून व्हॅसलिनचा पातळ हात द्यायचा आणि प्लास्टर ओतायचं. पुठ्ठा सोलून काढल्यावर आतल्या घड्या, टाचण्यांच्या खुणा, सगळं उलटं होऊन बाहेर येतं.

इथे जरा थांबून एक सांगायलाच हवं. प्लास्टर ऑफ पॅरिस घट्ट होताना तापतं, जाड थर असेल तर 60 अंश सेल्सिअसच्या घरात जाऊ शकतं. 2007 मध्ये इंग्लंडमधल्या एका शाळेत सोळा वर्षांच्या मुलीने स्वतःच्या हातांचा साचा घेण्यासाठी ते थेट प्लास्टरच्या बादलीत घातले, आणि तिला बहुतेक सगळी बोटं गमवावी लागली. हाताचा ठसा हवा असेल तर दाताचा ठसा घेताना वापरतात ते अल्जिनेट वापरा आणि प्लास्टर नंतर त्या साच्यात ओता. प्लास्टरची पावडर पाण्यात टाकायची, पाणी पावडरीत नाही. मास्क लावायचा. उरलेलं बेसिनमध्ये ओतायचं नाही, नाहीतर शाळेचा प्लंबर तुम्हाला जन्मभर विसरणार नाही.

काय काढून टाकायचं, हे शिकवायला मी जर्मन चित्रकार-शिल्पकार केटे कोलविट्झ यांचं उदाहरण देते. त्यांचा अठरा वर्षांचा मुलगा पेटर ऑक्टोबर 1914 मध्ये पहिल्या महायुद्धात मारला गेला. त्याच्या स्मारकाच्या पहिल्या कल्पनेत मुलाचं शव होतं, डोक्याशी वडील, पायाशी आई. काम पुरं व्हायला 1932 उजाडलं. तोवर मुलगा शिल्पातून निघून गेला होता. गुडघे टेकलेले आईवडील उरले, दोघं वेगवेगळ्या चौथऱ्यांवर. मुलांना मी दोन्ही कल्पना फळ्यावर काढून दाखवते आणि मधली जागा किती मोठी ठेवायची यावर आमचा अख्खा तास जातो.

“पण बोलल्याने मुलांचं मन हलकं होतं ना?” असं सहकारी विचारतात. होत असेल. पण मी समुपदेशक नाही, आणि काळजी वाटावी असं काही दिसलं तर मी समुपदेशकांकडेच जाते, तेही मुलाशी बोलून. शिल्पकार डोरिस साल्सेदो यांनी आपल्या देशातल्या, कोलंबियातल्या हिंसाचारात माणसं गमावलेल्या कुटुंबांचं वर्षानुवर्षं ऐकून घेतलं. त्यातून आलेल्या कामात बेपत्ता झालेल्यांच्या चपला-बूट भिंतीतल्या कोनाड्यांत ठेवलेले आहेत, वर गाईच्या मूत्राशयाचा पातळ पडदा, शस्त्रक्रियेच्या दोऱ्याने टाके घालून शिवलेला. पलीकडचं धूसर दिसतं. कुणाची हकिगत तिथे लिहिलेली नाही, आणि त्यामुळे काही कमी पडलंय असं मला तरी वाटत नाही.

राहता राहिले गुण. मी चारही बाजूंनी फिरून बघते. मागची बाजू विचार करून केली आहे का? जाडी, सांधे, पोत यांत निवड दिसते का? आधीचे छोटे कच्चे नमुने आहेत का? एवढंच. तरीही चूक होऊ शकते, हे मान्य. माया लिन यांनी येल विद्यापीठात विद्यार्थिनी असताना वर्गासाठी व्हिएतनाम युद्धातल्या अमेरिकी सैनिकांच्या स्मारकाचा आराखडा केला आणि वर्गात त्यांना ‘बी’ श्रेणी मिळाली. तोच आराखडा 1981 मध्ये त्या स्मारकाच्या स्पर्धेत 1,421 प्रवेशिकांतून पहिला आला.

प्रदर्शनातही आमच्या पाट्यांवर नाव, माध्यम, माप आणि वर्ष एवढंच असतं. शीर्षक द्यायचं की नाही, ते मुलं ठरवतात. पालक पाटी वाचतात, मागे काही लिहिलंय का बघतात, मग शेवटी शिल्पाकडे वळतात. मला सध्या अडचण आहे ती अल्जिनेटचीच. एवढ्या मुलांसाठी ते लागतं खूप आणि ठसाही लवकर आकसतो. कुणी वर्गात हातावर सुरक्षित असा दुसरा काही पर्याय वापरून पाहिला असेल तर नक्की सांगा.