जॅममधलं ‘440’ हाडांचं नव्हे

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी बाजारात आली, की साताऱ्यातल्या ग्रुपांवर हा मेसेज हमखास फिरतो: “जॅमच्या बाटलीवर 440 असेल तर घेऊ नका. ते हाडांपासून काढलेलं केमिकल आहे. अस्सल फळाच्या जॅमला ते लागत नाही. पोटात पचत नाही, आतड्याला चिकटतं.” खाली हात जोडलेले.

हाडांचं आधी निकालात काढू. 440 हा लेबलवरचा घटकाचा क्रमांक, म्हणजे पेक्टिन; जॅम घट्ट व्हावा म्हणून ते घालतात. हाडा-कातड्यापासून होतं ते जिलेटिन, आणि ते प्रथिन असतं. पेक्टिन वनस्पतीच्या पेशीभित्तिकेतलं. शेजारशेजारच्या पेशी त्यानेच एकमेकींना धरून राहतात. बाजारातलं पेक्टिन मुख्यतः लिंबू-संत्र्याच्या साली आणि सफरचंदाचा चोथा आम्ल घातलेल्या गरम पाण्यात ठेवून काढतात. यालाच केमिकल म्हणायचं, तर मग कवठालाही म्हणा.

‘अस्सल जॅमला लागत नाही’ हे पेरू, कवठ, आवळ्याच्या बाबतीत खरं. त्यांच्यात मुळातच पेक्टिन भरपूर, म्हणून पेरूची जेली घरी नुसत्या साखर-लिंबावर जमते. स्ट्रॉबेरीत ते कमी. त्यात जॅमला बहुतेकदा जास्त पिकलेलीच फळं येतात. चांगली आधी पेट्यांत भरून जातात. फळ पिकताना त्यातली एन्झाइम्स पेक्टिनच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडत जातात, म्हणून तर ते मऊ पडतं. असल्या फळाचा जॅम आटवत बसलात, तर घट्ट होईपर्यंत रंग काळपट होतो आणि वासही जातो. पेक्टिन घातलं की कमी वेळात काम होतं. त्याच्या साखळ्यांवर ऋण भार असतो, त्यामुळे त्या एकमेकींपासून दूर राहतात. लिंबाच्या आम्लाने तो भार कमी होतो, साखर पाणी ओढून घेते, मग साखळ्या जुळतात आणि त्यांच्या जाळ्यात रस अडकतो. लिंबू विसरलं तर नुसता पाक.

पचनाचं म्हणाल, तर आपल्या पाचकरसांना पेक्टिन खरंच पचवता येत नाही. पण ते चिकटूनही बसत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवून खातात. हा विरघळणारा तंतू, म्हणजे फायबर आहे, आणि सफरचंद खाताना आपण तोच खातो. उपवासवाल्यांनी निर्धास्त असावं.

बाटलीत खटकण्यासारखं काही असेल, तर ती साखर. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे जॅममध्ये विरघळलेले घनपदार्थ किमान 65 टक्के लागतात, आणि त्यात बहुतांश साखरच असते. फळ साधारणपणे किमान 45 टक्के हवं, स्ट्रॉबेरीला मात्र 25 टक्क्यांवर भागतं. याचा मेसेज अजून कुणी पाठवलेला नाही.