सायलेन्सरचा तो मेसेज आणि अंगणातला अनुभव

गेल्या महिनाभरात एकच मेसेज मला जळगाव, पाचोरा आणि शिरपूरच्या ओळखीच्यांकडून आला. त्याचं सार असं: मोटारसायकलला कंपनीच्या जागी बाहेरून विकत आणलेला सायलेन्सर घरी अर्ध्या तासात बसतो, ताकद आणि ॲव्हरेज दोन्ही वाढतात, खानदेशच्या उन्हात इंजिन थंड राहतं, मोठ्या आवाजामुळे ट्रकवाले सांभाळून चालतात, आणि पकडलं तर पाचशे रुपयांत सुटका होते. घरी काम करायला माझा विरोध नाही. मी स्वतः अंगणात बसून सायलेन्सर बदललाय, म्हणून हे वाचून राग येतो.

‘अर्धा तास’ फक्त मागचा डबा बदलायचा असेल तर खरा. बेंड पाइपसकट (इंजिनातून निघणाऱ्या वाकड्या नळीसकट) काढायचा म्हटलं की गाठ पडते ती हेडमधल्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागातल्या, गंजलेल्या स्टडशी (नट बसतो त्या आट्याच्या खिळीशी). धाकट्या भावाच्या गाडीवर मी पान्यावर पाय देऊन जोर लावला आणि स्टड आतच तुटला. हेड उतरवून लेथवाल्याकडे न्यावं लागलं, चार दिवस गेले. गंज सोडवणारं तेल आदल्या रात्री सोडलं असतं, नट मागेपुढे हलवत काढला असता, तर हे टळलं असतं. पाइपच्या तोंडाशी असलेली गॅस्केटची (गळती रोखणारी) रिंग एकदाच दबते, जुनी परत घालायची नाही. गळती थांबवायला कुठलंही सिलिकॉन फासू नका, त्याच्या वाफेने ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) खराब होऊ शकतो.

ताकदीचं बोलायचं तर डबा हलका असतो, काही किलो वजन उतरतं, हे मान्य. पण आवाज वाढला की कानाला वेग वाटतो, चाकाला नाही. आतली जाळी काढलेली मोकळी नळी लावली तर सिंगल सिलिंडर गाडीची खालच्या आरपीएमची ओढ बहुतेक वेळा घटते. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना हीच ओढ लागते. ॲव्हरेजचंही तसंच. बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाडीत ऑक्सिजन सेन्सरच्या आधी जोड गळत असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) वाटतं आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, उगाच जास्त पेट्रोल सोडतो.

इंजिन थंड राहण्याची गोष्ट तर उलटी आहे. एअरकूल्ड इंजिन थंड ठेवतात हेडच्या फिन्स (बाहेरच्या पातळ पट्ट्या), वारा आणि ऑइल. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला मोकळी नळी लावली आणि जेट (पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र) बदलला नाही, तर मिश्रण पातळ होऊन इंजिन जास्तच तापतं. भुसावळच्या मे महिन्यात ४५ अंशांत हा प्रयोग कोणी करू नये.

‘आवाज जीव वाचवतो’ हे मला सगळ्यांत घातक वाटतं. धूर जातो तिकडेच आवाजाचा मोठा भाग जातो, म्हणजे मागे. धुळ्याजवळ महामार्गावर समोरून येणाऱ्या ट्रकच्या केबिनमध्ये तो पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. तिथे हेडलाइट, हॉर्न आणि हेल्मेट कामाला येतं. ‘जाऊ दे ना भो, आवाज तर येऊ दे’ म्हणणाऱ्यांनी आपल्या गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसाशेजारी रात्री अकरा वाजता एकदा बसून बघावं. १७५ सीसीवरच्या दुचाकीला चाचणीत ८० डेसिबलची मर्यादा आहे. १० डेसिबल वाढले की आवाजाची तीव्रता दहापट होते.

आणि पाचशे रुपये? मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स बाद होण्याची तरतूद आहे.

तरीही बदलायचाच असेल तर मर्यादेतला आवाज आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) शाबूत ठेवणारा घ्या. सगळे नट आधी हातानेच लावा, मग हेडकडून मागे आळीपाळीने आवळा. पाइपवरचे बोटांचे तेलकट डाग गाडी चालू करण्याआधी पुसा, नाहीतर ते भाजून कायमचे बसतात. सकाळी थंड इंजिन चालू करून जोडाजवळ हात धरा, फुसफुस लागली तर परत उघडा. शंभरेक किलोमीटर झाल्यावर, इंजिन थंड असताना, नट पुन्हा तपासा.