जपानला साक्षीला बोलावू नका

पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा महाराष्ट्र शासनाचा निर्णय २९ जून २०२५ रोजी मागे घेतला गेला. परंतु आमच्या कौटुंबिक व्हॉट्सॲप गटावर तो वाद अजून मिटलेला नाही. शाळेपासून निघालेली चर्चा तेथे 'बाहेरून आलेल्यांनी मराठी शिकलीच पाहिजे' या मुक्कामी पोहोचते आणि मग सिंहगड रस्त्यावर राहणारा माझा मामेभाऊ हुकमाचा पत्ता टाकतो : "जपानमध्ये जपानी आल्याशिवाय दूधसुद्धा मिळत नाही. विचारा आमच्या दादाला." हा दादा म्हणजे टोकियोत राहणारा मी. मला प्रत्यक्षात कोणीच विचारत नाही, ही गोष्ट वेगळी.

विचारले असते तर मी सांगितले असते, की आमच्या निशिकासाई या वस्तीत दूध घेताना तोंड उघडावेच लागत नाही. कोन्बिनीतील, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातील, मुलगी पॉइंट कार्ड आहे का, गरम करून देऊ का, पिशवी हवी का, हे प्रश्न ठरावीक क्रमाने विचारते आणि प्रत्येकाला 'दाइजोबु देस', म्हणजे 'नको, ठीक आहे', म्हटले की परदेशी माणूस सुटतो. या एका उत्तरावर मी पहिली दोन वर्षे काढली. एकदा तिने मध्येच चमचा हवा का असे विचारले, तेव्हा मी सवयीने तेच उत्तर दिले आणि त्या दुपारी ऑफिसात दह्याचे झाकण दुमडून त्यानेच दही खाल्ले.

'हाय' हा शब्द मात्र मला अधिक महागात पडला. आपल्याकडे खेड्यात 'हाय' म्हटले की वस्तू आहे, याबद्दल शंका उरत नाही. येथे 'हाय' म्हणजे बहुतेक वेळा 'मी ऐकतो आहे' एवढेच. ही रीत नुकतीच शिकल्यामुळे चोनाइकाइच्या, म्हणजे मोहल्ला समितीच्या, बैठकीत मी अध्यक्ष आजोबांच्या प्रत्येक वाक्याला मोठ्या तत्परतेने 'हाय' म्हणत राहिलो. शेवटी सर्वांनी माझ्याकडे वळून, कमरेत वाकून 'ओनेगाइशिमास', म्हणजे 'कृपा करून एवढे करा', म्हटले. अर्थ मला तेव्हा ठाऊक नव्हता. हा आपला सन्मान झाला, असे समजून मी घरी आलो. मुलीने हातातला कागद वाचला, तेव्हा कळले की वर्षभर कचऱ्याच्या दिवशी सकाळी कावळ्यांनी उपसू नये म्हणून कचऱ्यावर जाळी पसरण्याचे काम आता माझ्याकडे आहे.

नावाचेही असेच. मी कुलकर्णीचा 'कुरुकारुनी-सान' ('सान' म्हणजे आपले 'राव') झालो, ते सोसले. पण काळे नावाच्या माझ्या मित्राचे 'कारे-सान' झाल्यामुळे प्रत्येक हाकेसरशी कोणीतरी आपल्याला जाब विचारते आहे, असे त्याला अजूनही वाटते.

मामेभावाला हे सांगितले, की तो टोकियोतील आमच्या एदोगावा प्रभागाच्या सभागृहावर २०१९ साली निवडून आलेल्या मूळच्या भारतीय योगेंद्र पुराणिकांचे नाव पुढे करतो. त्यांच्याविषयी मला आदरच आहे, परंतु शंभरातील एकाचे उदाहरण देऊन उरलेल्या नव्व्याण्णवांना लाजवणे हा युक्तिवाद नव्हे. शिवाय जपानचे जे खरोखर घेण्यासारखे आहे, ते तो कधीच घेत नाही. १९९५ च्या कोबे भूकंपात परदेशी रहिवाशांना धोक्याच्या सूचनाच समजल्या नाहीत, तेव्हा येथील भाषातज्ज्ञांनी स्वतःचीच भाषा सोपी करायला घेतली. छोटी वाक्ये आणि रोजचे शब्द असलेली ती 'यासाशी निहोंगो', म्हणजे सोपी जपानी, आज सरकारी पत्रकांतही दिसते. २०१९ मध्ये तर परदेशी माणसांना जपानी शिकवण्याची जबाबदारी कायद्यानेच केंद्र आणि स्थानिक शासनांवर टाकली. मला हिरागाना, म्हणजे जपानीची मुळाक्षरे, शिकवली ती सार्वजनिक सभागृहात दर शनिवारी येणाऱ्या एका निवृत्त आजींनी. पुण्यात आलेल्या गवंड्याला किंवा रखवालदाराला शनिवारी मराठी शिकवायला आपल्यापैकी कोण बसते? आपण रिक्षावाल्याशी स्वतःहून हिंदीत सुरुवात करतो आणि घरी येऊन मराठी बुडाली म्हणून गळा काढतो.

हे वाक्य मी गटावर लिहिले आणि पाठवण्याआधी खोडले, कारण 'आपण' या शब्दात मीच होतो. येथे मी जुळवून जुळवून जपानीत काही मागतो आणि वेटर हसून इंग्रजीत उत्तर देतो, तेव्हा दार तोंडावर लावल्यासारखे वाटते. पुण्यात आमच्या सोसायटीचा रखवालदार माझ्याशी मोडक्या मराठीत बोलू पाहत असे आणि मी, लवकर उरकावे म्हणून, हिंदीत उत्तर देत असे. नित्य वापराच्या २१३६ कांजींपैकी, म्हणजे जपानी चित्राक्षरांपैकी, अकरा वर्षांत मला जेमतेम चारशे ओळखता येतात आणि शाळेचे पत्र अजूनही मुलगीच वाचून दाखवते. मामेभाऊ ज्या माणसाला 'इतकी वर्षे राहून भाषा येत नाही?' म्हणून झापतो, तो माणूस टोकियोत मीच आहे.

नुसते 'कोन्निचिवा' म्हटले तरी येथील लोक मला 'निहोंगो जोझु देस ने' म्हणतात. म्हणजे तुमचे जपानी फार छान आहे. मुलीला असे कोणी म्हणत नाही. ही शाबासकी बाहेरच्यांसाठीच राखलेली असते, हे आमच्या घरात आता सर्वांना ठाऊक आहे. गेल्या दिवाळीत पुण्याला गेलो, तेव्हा मामेभावाने कौतुकाने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "किती छान मराठी बोलतेस गं!" परतताना रिक्षात ती बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, "बाबा, काकांनी मला जोझु म्हटलं."