बॅकअप चालू शे ना भो?

"बॅकअप चालू शे ना भो?" आमच्या कापसाच्या जिनिंगच्या आबांचा तीन वर्षं हा एकच प्रश्न. चालू आहे हो आबा, रोज रात्री दोनला हिरवी टिक येते. पण ठेवलेलं परत येतं का, हे विचारलंय कोणी कधी?

जळगाव एमआयडीसी, वैशाख, पत्र्याखाली सर्व्हरची खोली, एसी बंद. आणि सकाळी बघतो तर बॅकअपची डिस्क ९८ टक्के भरलेली. चार टीबी! पावत्या, काटापट्ट्या, सगळे हिशेब मिळून शंभर जीबी होत नाहीत. मग आत आहे काय? सोडून गेलेल्या अकाउंटंटचा अख्खा लॅपटॉप. कधीच उडवलेल्या टेस्ट मशीनचे स्नॅपशॉट, म्हणजे दर बॅकअपची प्रत. आणि आबांच्या पुतण्याच्या हळदीचं शूटिंग, तीन कॅमेऱ्यांचं, "तात्पुरतं" ठेवलेलं. तात्पुरतं म्हणजे गेल्या आखाजीपासून, अक्षय्य तृतीयेपासून.

एजन्सीवाल्याने बॅकअप घेणारं सॉफ्टवेअर, प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर, बसवला, बिल घेतलं आणि प्रून, गार्बेज कलेक्शन, दोन्हींचं वेळापत्रक कोरं ठेवून गेला. प्रून म्हणजे जुन्या बॅकअपचं वहीतून नाव खोडणं. गोण्या गोडाऊनातच राहतात. त्या उचलतं गार्बेज कलेक्शन. आणि मी शहाण्याने घाईत ते आधी चालवलं, प्रून नंतर! त्याने वहीत नाव असलेल्या डेटाच्या प्रत्येक तुकड्याला, म्हणजे गोणीला, ताज्या वेळेचा शिक्का मारला, आता २४ तास ५ मिनिटं त्याला कोणी हलवणार नाही. नियम बरोबरच आहे म्हणा, चालत्या बॅकअपच्या पायाखालून तुकडा जाऊ नये. पण आज रात्री दोनचा बॅकअप काय माझ्या डोक्यावर ठेवू?

बसल्या बसल्या व्हेरिफाय लावलं, म्हणजे ठेवलेलं शाबूत आहे का ही तपासणी. तीन वर्षांत पहिल्यांदा. एक तुकडा खराब निघाला. एकच! पण डीडुप्लिकेशनमुळे, म्हणजे सारखा डेटा एकदाच ठेवायचा या पद्धतीमुळे, तोच तुकडा एकोणीस स्नॅपशॉटना लागतो, म्हणजे एकोणीसच्या एकोणीस लंगडे. रोज नवी प्रत होतेय समजून आम्ही एकाच तुकड्याला टेकून बसलो होतो. बाहेर ठेवायला दुसरी डिस्क मागितली होती मी, मागच्याच दिवाळीत. "बठ्ठं त्या पेटीम्हाच शे ना," आबा म्हणाले आणि विषय संपला.

आत्ताच त्यांचा फोन येऊन गेला. आखाजीला पाहुणे येताहेत, हळदीचा व्हिडिओ टीव्हीवर लावायचाय, तो नीट आहे ना?

एकदम नीट आहे आबा. खराब तुकडा हिशेबाच्या मशीनमध्ये आहे.